लेंडी मोजल्याशिवाय औषध नाही



अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या सगळ्या अंगांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आज मी मोडतो. मिळालेला सगळा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: शेळ्यामेंढ्यांच्या पोटातले जंत आणि त्यांच्यावरची झाडपाल्याची औषधं. या विषयावर आपल्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो, झाडपाला तो, त्यानं अपाय कसला होणार? दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड. दोन्ही तटांतल्या बहुतेकांनी औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर लेंडी तपासलेली नसते. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी शत्रू कोण ते पाहू. आपल्या पावसाळ्यात शेळ्यामेंढ्यांना सर्वांत जास्त नाडणारा जंत म्हणजे हिमॉन्कस कंटॉर्टस. पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण पोटात एक हजार जंत असले तर रोजचं 50 मिलिलिटर रक्त गेलं, आणि 30 किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त असतं जेमतेम दोन लिटर. मग पापणी आतून पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी साठतं, आणि काल कळपाबरोबर चाललेली मेंढी आज बसल्या जागी उठत नाही. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून पडलेली अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात, आठवड्याभरात अळी गवताच्या पात्यावर चढते आणि चरणाऱ्या जनावराची वाट बघते. पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत ती स्वतः अंडी घालायला लागते. जूनमध्ये कळपात असलेले मूठभर जंत ऑगस्टपर्यंत काय करू शकतात, याचा हिशोब आपण सगळ्यांनी कधी ना कधी मेलेल्या कोकरांवर केलेला आहे.

या जंतावर आपल्याकडे औषधं आली आणि ती खरोखर गुणकारी होती, हे कृतज्ञतेनं म्हटलं पाहिजे. 1961 साली थायाबेंडाझोल आलं, पुढे लेव्हामिसोल, अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, 1981 साली आयव्हरमेक्टिन. पण थायाबेंडाझोलला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसची नोंद 1964 मध्येच, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत झाली. भारतात अशी नोंद 1976 मध्ये झाली. 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल नावाचं पूर्ण नव्या जातीचं औषध बाजारात आलं. चार-पाच वर्षांत तिथल्याच कळपांत त्यालाही न जुमानणारे जंत सापडले. कारण गूढ नाही. लाखो जंतांत काही थोडे जन्मतःच औषधाला तगून राहणारे असतात. आपण सगळा कळप एकदम, वर्षातून चार-चार वेळा, तेच औषध पाजतो, तेव्हा बाकीचे मरतात आणि नेमके हे तगणारे उरतात. पुढची सगळी पैदास त्यांची.

यात शेळीची आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या राज्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या होत्या. शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निचरून टाकतं, म्हणून बहुतेक जंतनाशकांची मात्रा तिला मेंढीच्या दीड ते दोन पट लागते. तरीही उस्मानाबादी शेळीला मेंढीच्या मापानं, तेही वजन न करता अंदाजानं औषध पाजलं जातं. असा अर्धा डोस म्हणजे जंतांना दिलेलं शिक्षण आहे. झाडपाल्याकडे आज जे लोक वळताहेत, ते केवळ परंपरेच्या प्रेमापोटी वळत नाहीत. बाटलीचं औषध लागू पडेनासं झालंय म्हणून वळताहेत. त्यांची गरज खरी आहे, आणि म्हणूनच त्यांना खरं उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आता झाडांकडे येऊ. वनस्पतींनी जंत पडतात ही गोष्ट नव्यानं सिद्ध करायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभर माणसांना आणि जनावरांना जंतांवर मुख्यतः झाडांचीच औषधं दिली जात. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन गोल कृमींवर युरोपातल्या औषधालयांत सर्रास मिळायचं. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतून पेलेटिएरिन वेगळं काढलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते पट्टकृमींवर वापरलं जाई. आपल्या सह्याद्रीतल्या शेंद्रीच्या फळावरची लाल पूड, जिला वैद्यकात कंपिल्लक म्हणतात, तीही पट्टकृमींसाठीच. पण याच यादीतल्या औषधांनी माणसं दगावलीसुद्धा आहेत. नर नेच्याच्या अर्कानं काहींची दृष्टी गेली. चेनोपोडियमच्या तेलाची मात्रा थोडी चुकली की रोगी हातचा जाई. सँटोनिन घेतलेल्याला सगळं पिवळं दिसू लागे. ही औषधं मागे पडली ती फसवी होती म्हणून नव्हे, तर औषध आणि विष यांच्यातलं अंतर त्यांत फार थोडं होतं म्हणून. ज्याच्यात जंत मारण्याची ताकद आहे, त्याच्यात शेळी मारण्याचीही असू शकते, मग ते झाडाचं असो की कारखान्यातलं. घाणेरीचंच बघा. तिच्या अर्कानं ताटलीत जंत मेल्याचे निबंध निघालेत. तीच घाणेरी दुष्काळात गुरांनी खाल्ली तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. हे आपण गोठ्यात पाहतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवरच्या उपचारांची तीन अंगं सांगितली आहेत: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. कृमी बाहेर काढा, ते जिथे वाढतात ती परिस्थिती त्यांना प्रतिकूल करा आणि ते ज्या कारणानं होतात ते कारण टाळा. झाडपाल्याचा आग्रह धरणारे आपले मित्र परंपरेचा आधार देतात, तेव्हा माझी त्यांना विनंती असते की तिन्ही अंगं घ्या. नुसती पहिली पायरी उचलून तिची बाटली केली तर परंपराही पाळली जात नाही आणि जंतही जात नाहीत. चराई बदलणं, ओल्या पाणथळ जागी पहाटे न चारणं, कोकरांना स्वच्छ कुरण राखून ठेवणं हे निदानपरिवर्जन आहे, आणि ते कोणत्याही औषधाइतकंच औषध आहे.

आता जरा कठोर बोलतो, आणि ते मुख्यतः आपल्या विद्यापीठांतल्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांशी. गेल्या तीन-चार दशकांत भारतात शेकडो वनस्पतींच्या कृमिनाशक गुणांवर निबंध छापून आले. त्यांतल्या पुष्कळ निबंधांत प्रयोग कशावर झाला? गांडुळावर. बागेतून गांडुळं आणायची, अर्कात सोडायची, किती मिनिटांत हालचाल थांबली आणि किती मिनिटांत मेलं ते मोजायचं, पायपरॅझिन किंवा अल्बेंडाझोलशी तुलना करायची आणि वनस्पती कृमिनाशक असल्याचं जाहीर करायचं. गांडूळ परजीवी नाही. गोल कृमी आणि गांडूळ यांची कुळंच वेगळी. गांडूळ मातीत, हवेत श्वास घेत जगतं. त्याची ओली, नाजूक त्वचा हेच त्याचं श्वसनाचं साधन. हिमॉन्कसचं अंग चिवट आवरणानं झाकलेलं असतं. दारू, तीव्र आम्ल, मीठ, साबणाचं पाणी यांतल्या कशानंही गांडूळ मरेल. त्यातून शेळीच्या पोटातल्या जंताविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. विद्यार्थी वर्षभर राबतो, निबंध छापून येतो, आणि मेंढपाळाच्या हाती काहीही लागत नाही. मला याचं मनापासून दुःख होतं, कारण हीच मेहनत लेंडीच्या नमुन्यांवर झाली असती तर आज आपल्याकडे राज्यभराची नोंद असती.

खऱ्या जंतांवर, म्हणजे हिमॉन्कसच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर, ताटलीत केलेले प्रयोग याहून नक्कीच बरे. पण तिथेही एक उडी बाकी राहते. ताटलीत अर्क थेट जंताच्या अंगाला लागतो. शेळीत तो आधी कोटीपोटात जातो. तिथे कित्येक लिटर चारा-पाण्यात तो विरतो, तिथले अब्जावधी सूक्ष्मजीव त्याचे तुकडे करतात, मग उरलेला अंश चौथ्या कप्प्यात पोहोचतो. केनियामध्ये मेंढपाळ वापरत असलेल्या मिरसिन आफ्रिकाना या वनस्पतीची 2002 साली हिमॉन्कस झालेल्या मेंढ्यांवर रीतसर चाचणी घेतली गेली, तेव्हा तिचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. हा निबंध छापला गेला याचं मला फार मोल वाटतं. उपयोग होत नाही हे कळणंसुद्धा मेंढपाळाच्या कामाचं असतं. नाहीतर तो पावसाळाभर त्या औषधाच्या भरवशावर राहतो.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ: पळस. पळसाच्या चपट्या बिया, आपली पळसपापडी, जंतांवर देण्याची रीत जुनी आहे आणि त्यांत पॅलासोनिन नावाचं द्रव्य असतं. पाकिस्तानातल्या संशोधकांनी नैसर्गिकरीत्या जंत झालेल्या मेंढ्यांना या बियांची पूड देऊन 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. किलोमागे 3 ग्रॅम पूड दिली तेव्हा दहाव्या दिवशी लेंडीतली अंडी सुमारे 78 टक्क्यांनी घटली. लेव्हामिसोल दिलेल्या गटात घट 99 टक्के होती. या आकड्यापाशी थोडं थांबू या. पशुपरजीवीशास्त्राच्या जागतिक संघटनेची फूटपट्टी अशी आहे की 90 टक्क्यांच्या वर परिणाम असेल तर औषध प्रभावी आणि 80 च्या खाली असेल तर अपुरं. त्या हिशोबानं पळसपापडी नापास झाली. शिवाय 30 किलोच्या मेंढीला 90 ग्रॅम पूड पाजणं काही सोपं काम नाही.

पण मी तिला निकालात काढणार नाही. मरणाच्या दारातल्या मेंढीला पळसपापडी देऊन बसणं हा गुन्हा होईल. तिला लागू पडणारं औषधच दिलं पाहिजे. मात्र जी मेंढी धडधाकट आहे, पापणी लाल आहे, पण लेंडीतून कुरणावर अंडी सांडते आहे, तिच्या अंड्यांत पाऊणपट घट झाली तर कोकरांच्या वाट्याला येणाऱ्या अळ्या तितक्याच कमी होतात. आणि ती मेंढी अल्बेंडाझोलशिवाय राहिली म्हणून तिच्या पोटातले औषधाला बळी पडणारे जंतही टिकून राहतात, आणि तगणाऱ्यांची पैदास त्यांच्यात मिसळत राहते. झाडपाल्याची खरी जागा मला इथे दिसते: बाटलीच्या ऐवजी नव्हे, तर बाटली कमी वेळा उघडावी लागावी म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता याच विचारातून तयार झाला. कळपातल्या थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात. पापणी फिकी पडलेल्यांनाच औषध द्यायचं. आपल्या धनगरवाड्यावर पापणी उलटून बघणं कुणाला शिकवावं लागत नाही. माण तालुक्यात एका वाड्यावरच्या आजी वाघरीच्या जाळीत शिरून एकेक मेंढरू धरायच्या, डोळा बघायच्या आणि मला सांगायच्या, “डाक्टर, हिचं रगात आटलंय, हिला द्या. तिला नगं, ती चांगली हाय.” त्यांनी निवडलेल्या जनावरांच्या लेंडीचे नमुने मी काचेखाली घातले. निवड बहुतांशी बरोबर होती. जंतांवर कडू जिरं त्या देत ते वळवाचा पाऊस पडायच्या आधी, जनावर आजारी पडल्यावर नव्हे. कडू जिऱ्यानं किती अंडी घटतात हे मोजायचं राहिलंच आहे. पण केव्हा द्यायचं आणि कुणाला द्यायचं याचं त्यांचं भान माझ्या तेव्हाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा पुढचं होतं.

एक मुद्दा अर्क काढण्याच्या पद्धतीचा. आपल्याकडे सरसकट काढा करतात. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावर आर्टेमिसिनिन शोधलं, तेव्हा वनस्पती माहीत होती, पण अर्क लागू पडत नव्हता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितल्याचं त्यांनी वाचलं, उष्णतेनं द्रव्य नष्ट होत असणार हे ताडलं आणि कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. 2015 चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना मिळाला, हे आपण पशुवैद्यकांनी विसरू नये. वनस्पतीचं नाव सांगणं म्हणजे औषध सांगणं नव्हे. कोणता भाग, कोणत्या महिन्यातला, ओला की वाळलेला, पाण्यात की तेलात, उकळून की भिजवून, आणि किलोमागे किती ग्रॅम, एवढं सगळं सांगितलं तर ते औषध.

पपईच्या चिकाचंही असंच आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातली विकरं जंताचं आवरणच पचवून टाकतात. आजच्या कोणत्याही रासायनिक औषधाची मारण्याची रीत ही नाही. म्हणून ही वाट मला सर्वांत आशादायक वाटते. पण ताजा चीक आणि आठवडाभर उन्हात राहिलेला चीक यांत जमीनअस्मानाचा फरक पडेल, हे कोणालाही समजेल.

औषधापेक्षा चाऱ्याच्या रूपानं झाडं जास्त कामाची आहेत, असं माझं हळूहळू मत होत गेलं आहे. टॅनिन असलेला चारा पोटात गेला की ते प्रथिनांना चिकटतं, अळीला आपलं आवरण टाकून पोटात स्थिरावायला अडथळा होतो आणि जनावराला पचायला जास्त प्रथिनं उरतात. फ्रान्समध्ये सेनफॉइन आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात सेरिसिया लेस्पेडेझा या चाऱ्यांवर चांगलं काम झालं आहे. आपल्याकडे बाभळीच्या शेंगा, खैर, बोरीचा पाला आहे. शेळीला मोकळं सोडलं तर ती मान वर करून हेच खाते, आणि जमिनीलगतच्या गवतावरच्या अळ्यांपासून आपोआप दूर राहते. तिला कुंपणात कोंडून फक्त कापलेलं गवत घालण्याची जी बंदिस्त पद्धत फोफावते आहे, तिच्यात हे संरक्षण हिरावलं जातं. टॅनिनही अती झालं तर वाईट. चाऱ्यात सुमारे 5 टक्क्यांच्या पुढे गेलं की खाणं आणि पचन दोन्ही घटतं. औषधाबाहेरच्या वाटांमध्ये फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामाचाही उल्लेख केला पाहिजे. तिथे दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गरोळ मेंढीशी संकर करून जंतांचा प्रतिकार तपासला गेला. वंशातच प्रतिकार आणता आला तर त्याहून उत्तम काय?

वनस्पती कोणती निवडायची याला आणखी एक कसोटी आहे, आणि ती जंगलाची आहे. वावडिंग घ्या. आपल्या घराघरांत बाळाच्या दुधात ते उकळतात. बाजारात वावडिंग म्हणून मिळणाऱ्या दाण्यांत त्याच कुळातल्या दुसऱ्या जातींची भेसळ सर्रास असते. मघाशी ज्या मिरसिन आफ्रिकानाचा उल्लेख केला, तीही त्यांत असते. खरी वावडिंगाची वेल हळू वाढते, बी सहज रुजत नाही आणि पश्चिम घाटात ती कमी होत चालली आहे. एका शेळीला वर्षातून एकदाच 5 ग्रॅम दिलं तरी एक कोटी शेळ्यांना 50 टन लागेल. ते कुठून आणणार? शेळ्या वाचवायला निघालेल्या माणसांनी जंगल ओरबाडू नये. पळस माळरानावर मुबलक आहे. सोलापूर-नाशिककडे डाळिंबाची सालं टनांनी वाया जातात. बाभूळ बांधावर आहे. आधी यांच्यावर काम करा.

आणि ज्यांच्याकडून आपण हे शिकतो त्यांचं नाव नोंदीत राहू द्या. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या आहेत. मेंढपाळानं सांगितलेली माहिती निबंधात येते आणि सांगणाऱ्याचा उल्लेख ‘स्थानिक लोक’ असा होतो, हे यापुढे होऊ नये.

आता प्रत्यक्ष प्रस्ताव मांडतो. या पावसाळ्यात आपण ज्यांना शक्य आहे त्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं पळसपापडीची चाचणी घ्यावी. प्रत्येक ठिकाणी एकाच वयाच्या 30 शेळ्या, दहा-दहाचे तीन गट: एकाला पळसपापडी, एकाला त्या कळपात अजून लागू पडणारं औषध योग्य मात्रेत, एकाला काहीच नाही. औषध देण्याच्या दिवशी, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी लेंडी गुदद्वारातून काढून मॅकमास्टर काचपट्टीवर ग्रॅममागे अंडी मोजायची. वजन काट्यावर करायचं, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. कोणत्याही गटातल्या शेळीची पापणी पांढरी पडली तर तिला ताबडतोब चाचणीतून काढून उपचार करायचे. प्राणी नीती समितीची परवानगी आधी, मालकाची लेखी संमती आधी. बियांचा एक नमुना प्रत्येक केंद्रानं वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून जपून ठेवायचा. आणि निकाल शून्य आला तरी तो पाठवायचा.

पळसाच्या शेंगा मे महिन्यात झाडाखाली पडू लागतात, तेव्हा गोळा करण्याचं काम त्याआधी ठरलं पाहिजे. दुपारच्या सत्रानंतर बाहेरच्या टेबलावर नोंदवही ठेवलेली असेल. तिच्यात आपलं नाव, तालुका, जवळची सूक्ष्मदर्शकाची सोय आणि किती शेळ्या मिळू शकतील हे लिहावं. ज्यांना अंडी मोजायचा सराव नाही, त्यांच्यासाठी उद्या सकाळी आठ वाजता मी स्वतः काचपट्ट्या आणि नमुने घेऊन बसणार आहे. मेंढपाळ बंधूभगिनींनीही यावं, सूक्ष्मदर्शक त्यांच्यासाठीही मोकळा असेल.